राजीनामा कोणाला परवडतो?

आपल्या शिकलेल्या पोरांत सध्या एक शब्द साथीसारखा पसरलाय. फ्रीलान्स! यवतमाळ, पुसद, वणी, नागपूरचं मिहान, पुण्याचं हिंजवडी, जिथं म्हणून आपली चार कॉम्प्युटरवाली पोरं चहाच्या टपरीवर जमतात तिथं हाच विषय. कंपनीची गुलामी सोडा. साहेबाला सलाम बंद. आपला लॅपटॉप, आपलं घर, आणि पैसा डॉलरमध्ये. हे सांगणारे व्हिडिओ रोज नवे. सांगणाऱ्याच्या मागं पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात गिटार, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू भाकरीचा प्रश्न माणसानं कधीच निकालात काढलाय.

मी नऊ वर्षं पुण्याच्या एका कंपनीत पर्मनंट होतो. राजीनामा देऊन तीन वर्षं झाली. यवतमाळात बसून प्रोग्रॅम लिहितो, गिऱ्हाइकाला विकतो, त्यावर घर चालवतो. तेव्हा हे काठावर बसून लिहीत नाही. 'दादा, मी पण सोडू काय नोकरी?' असं विचारणाऱ्या पोरांना मी एकच उलटा प्रश्न टाकतो. लेका, तुझ्या पायाखाली काय आहे?

दोस्तहो, आपल्या वस्तीत 'पर्मनंट' हा शब्द इंग्रजी राहिलेला नाही. तो आपल्या बायाबापड्यांच्या बोलीतला शब्द आहे. 'पोट्टा लागला काय?' 'लागला, पण पर्मनंट नाई अजून.' या दोन वाक्यांत आपल्या समाजाचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे. पोरगा पर्मनंट झाला की पेढे. पर्मनंट झाला की बुद्धविहारात खीरदान. पर्मनंट झाला की सोयरीक. सवर्णांच्या पोरांना हे बघून हसू येतं. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे करिअर. आपल्या लेखी ती गावकीतून सुटल्याची पावती होती.

कारण एक 'पर्मनंट' आपण आधी भोगलेलं आहे. महार वतन! जगात त्याहून कायम नोकरी कोणती? जन्मानं लागायची, मेल्यावर पोराकडं जायची. ना वेळ, ना पगार, ना नकार. मुंबई इलाख्यात १८७४ च्या कायद्यानं तिच्यावर सरकारी शिक्का होता. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, आणि ते वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. आपल्या वऱ्हाडात कागद वेगळे असतील, राबणं तेच होतं. म्हणजे कायम काम दोन तऱ्हेचं असतं. एक माणसाला बांधून घालतं, दुसरं त्याला उभं करतं. घटनेच्या १६(४) कलमानं दुसऱ्या तऱ्हेचं काम आपल्या दाराशी आणलं. जो कोणी आज उठून म्हणतो, 'नोकरी म्हणजे गुलामी', त्यानं आधी सांगावं, कोणती नोकरी?

आता बाबासाहेबांचंच बघा. त्यांच्या आयुष्यातला हा भाग आपण जयंतीच्या भाषणात घेत नाही, पण आजच्या प्रश्नावर तोच नेमका लागू आहे. १९१७ साली कोलंबियात शिकलेला हा माणूस करारानं बांधलेला होता म्हणून बडोद्याच्या नोकरीवर गेला. पद मोठं, आणि चपराशी लांबून फायली फेकायचे. राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी हाकललं. नोकरी सोडावी लागली. मुंबईत येऊन शिकवण्या केल्या, हिशेब लिहिले, आणि शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा स्वतःचा धंदा काढला. आजच्या भाषेत फ्रीलान्सच! अक्कल कमी होती काय? अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा माणूस मुंबईत शोधावा लागला असता. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळलं आणि धंदा बसला. मग १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी धरली. तिथल्या पगारातून पै-पै साठवली आणि १९२० मध्ये लंडनला राहिलेलं शिक्षण पुरं करायला गेले.

पण त्याच नोकरीनं तोंडही बांधलं होतं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा संपादक म्हणून त्यांचं नाव छापता आलं नाही, कारण ते सरकारी कॉलेजात प्रोफेसर होते. १९२३ ला बॅरिस्टर होऊन आल्यावर त्यांनी वकिली धरली. कोणाचा नोकर नाही, तोंड मोकळं. आणि वकिलीत पैसा येईना तेव्हा बाटलीबॉयच्या अकौंटन्सी संस्थेत १९२५ ते १९२८ अर्धवेळ शिकवलंही. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे चवदार तळ्यावर गेलेला माणूस त्या काळात पोटासाठी व्यापारी कायदा शिकवत होता. याच्यातून मी एवढंच घेतो. नोकरी पवित्र नाही, धंदा पवित्र नाही. मोकळं व्हायचं असेल तर आधी पायाखाली काहीतरी घट्ट लागतं, आणि धंद्याची जात असते.

'आता तसं राहिलं नाही' असं म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी आपल्या विदर्भातल्याच डॉ. सुखदेव थोरातांचं आणि पॉल अट्टवेलचं काम वाचावं. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. सवर्ण नाव, दलित नाव, मुसलमान नाव. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुसलमान नावाला एक तृतीयांश. अर्ज तोच, डिग्री तीच. आणि अमेरिकेत गेलं की जात विमानतळावर राहते म्हणता? २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्याच खात्यानं सिस्को कंपनीवर एका दलित इंजिनिअरच्या छळाबद्दल दावा लावला. २०२३ मध्ये सिएटल शहराला जातभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. जिथं कोड जातो तिथं जात जाते.

मी ज्या कंपनीत होतो तिथं कोणी जात विचारत नव्हतं. छे छे, सुसंस्कृत लोक! 'मूळ गाव कुठलं?' 'तुमच्यात पाटील असतात का?' 'नॉनव्हेज रोज की फक्त रविवारी?' 'ॲडमिशन कोणत्या कोट्यातून?' आणि एप्रिलच्या चौदा तारखेला रजा मागितली की मॅनेजरच्या ओठावर एक बारीक रेघ. नऊ वर्षं ती रेघ मी पाहिली. बढतीच्या वेळी ती रेघ काम करते. तेव्हा खाजगी कंपनीतल्या पर्मनंटचं गाणं मी गाणार नाही. तिथं आरक्षण नाही, आणि कायमपण तर मुळीच नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीनं, जिची नोकरी म्हणजे सरकारी नोकरीची धाकटी बहीण समजली जायची, सुमारे १२ हजार लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं. आता तर यंत्रच कोड लिहायला लागलंय, त्याचं निमित्त मालकाच्या हाती आयतं सापडलंय. अशा ठिकाणी पर्मनंट म्हणजे 'पुढची नोटीस येईपर्यंत'.

मग मी सोडली यात नवल नाही. पण सोडता आली ती का, हे सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. माझा बाप सरकारी खात्यात चपराशी होता. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला, म्हणून जुनी पेन्शन. त्यानं फंडातून कर्ज काढून यवतमाळात दोन खोल्या बांधल्या. गिऱ्हाइकानं पैसे दिले नाहीत त्या महिन्यात माझी चूल बापाच्या पेन्शनवर पेटते. माय म्हणते, 'काऊन सोडली बाप्पा चांगली नोकरी?' आणि तीच माय महिन्याच्या शेवटी न बोलता किराणा भरते. माझं स्वातंत्र्य, माझा फ्रीलान्स, माझं ताठ मानेनं 'नाही' म्हणणं, हे सगळं एका चपराशाच्या पर्मनंटवर उभं आहे. सवर्णाच्या पोराला हे उघड करावं लागत नाही. त्याच्या पायाखाली कोथरूडचा फ्लॅट असतो, गावी जमीन असते, पहिलं काम देणारा मामा न्यू जर्सीत असतो. तो त्याला 'धाडस' म्हणतो. ज्याच्याखाली जाळं बांधलेलं आहे त्यानं मारलेली उडी धाडस कशी?

आणि माझ्या पोराचं काय? त्याच्या बापाला पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा आपलेच काही लॅपटॉपवाले त्यांना फुकटे म्हणत होते. अरे, ज्या फांदीवर बसलात तिलाच कुऱ्हाड!

आता या फ्रीलान्सचं खरं रूप बघा. पहाटे शहरातल्या ठिय्यावर मजूर उभे असतात. मुकादम येतो, हात दाखवतो, तू चल, तू चल. उरलेले डबा घेऊन परत. इंटरनेटवरचे कामाचे बाजार म्हणजे हाच ठिय्या, फक्त साऱ्या जगाचा. अपवर्कवर कामासाठी अर्ज टाकायलाही 'कनेक्ट' विकत घ्यावे लागतात. म्हणजे ठिय्यावर उभं राहायचंही भाडं! फायव्हरवर काम झालं की शंभरातले वीस दलालाचे. वर गिऱ्हाइकानं दिलेले तारे, म्हणजे पाटलानं दिलेला चालचलणुकीचा दाखला. एक तारा कमी पडला की पुढच्या महिन्याची भाकरी गेली.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजवायला फार लागू नये. आपण कापसाच्या मुलखातले. कास्तकार आधी पेरतो, आधी कर्ज काढतो, आधी फवारतो आणि भाव मागून ठरतो. तोही दूर कुठंतरी, न्यूयॉर्कच्या वायद्यात. फ्रीलान्सवाला असाच लॅपटॉपचा कास्तकार आहे. यंत्र त्याचं, वीज त्याची, रात्र त्याची, भाव दुसऱ्याचा. आणि काही वाईट घडलं तर जबाबदार कोणी नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं मेली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे मजूर होते. त्यांचा मालक कोण? शेतवाला म्हणतो मी नाही, औषधवाला म्हणतो मी नाही, सरकार म्हणतं हातमोजे का घातले नाहीत? 'स्वतंत्र कामगार' या शब्दाचा अर्थ आपल्या जिल्ह्यानं इतक्या किमतीला शिकलाय.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाला बघा. वणीच्या कोळसापट्ट्यात १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खाणीतली नोकरी म्हणजे क्वार्टर, दवाखाना, फंड. आज माती उपसायचं काम ठेकेदाराकडं. कोळसा तोच, धूळ तीच, मजूर दुसऱ्याचा. ग्रामपंचायतीत २०११ पासून 'संग्राम' म्हणून संगणक परिचालक बसवले, पुढं पाटी बदलून 'आपले सरकार सेवा केंद्र' झालं. गावाचे सारे दाखले ह्या पोरापोरींच्या बोटांनी निघतात. पण त्यांना ना ग्रामपंचायत आपलं म्हणते ना सरकार. मधे कंपनी. तुटपुंज्या मानधनासाठी त्यांनी आझाद मैदानात किती मुक्काम केले! सप्टेंबर २०२३ मध्ये तर सरकारी पदंच ठेक्यानं भरायचा शासन निर्णय निघाला. पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. ठेक्यात आरक्षण कुठं असतं? कायम पद मारलं की १६(४) न बदलताच मरतं. घटनेला हात न लावता घटना संपवायची ही रीत आहे. म्हणून एकीकडं ठेका आणि दुसरीकडं 'नोकरी मागू नका, उद्योजक व्हा' हे प्रवचन एकदम सुरू झालं, हा योगायोग समजू नका.

नोकऱ्या मागणारे नव्हे, देणारे व्हा, हे आपल्यातल्याही काही शेटजींचं घोषवाक्य झालंय. दलित उद्योजकांची 'डिक्की' २००५ पासून हेच सांगते. धंदा करायला माझा विरोध नाही, मी स्वतः तोच करतोय. सरकारी खरेदीतले ४ टक्के दलित-आदिवासी उद्योगांसाठी २०१२ च्या धोरणानं ठेवले, ते पुरते वसूल केले पाहिजेत. पण दहा जण शेट झाले म्हणून दहा हजार वस्तीवाल्यांची पर्मनंटची जागा सोडून द्यायची? हा हिशेब मला मंजूर नाही.

आपल्या पोरींचं तर कोणी बोलतच नाही. 'लग्नानंतर नोकरी कशाला, घरूनच कर काही कॉम्प्युटरचं.' पर्मनंट बाईला २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी बाळंतरजा आहे. घरून करणारीला काय? एका मांडीवर लेकरू, दुसऱ्या मांडीवर लॅपटॉप, आणि सासू म्हणते, 'घरीच तर असते.' बाईचं घरातलं काम आधीच फुकट होतं, आता बाहेरचंही घरात आणून स्वस्त केलं. बाबासाहेब मजूर मंत्री असताना खाणीतल्या बाईच्या बाळंतपणासाठी भांडले. आपण आपल्या इंजिनिअर बहिणीसाठी भांडत नाही, शरम वाटली पाहिजे.

कायदा काय म्हणतो? २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. 'गिग कामगार' हा शब्द तिच्यामुळं देशाच्या कायद्यात आला. कामाचा बाजार चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के वाटा कामगारांच्या निधीत टाकावा असं त्यात आहे. डबे पोचवणाऱ्या पोराला त्यातून काही मिळालं तर चांगलंच. पण यवतमाळात बसून परदेशातल्या गिऱ्हाइकाला थेट काम देणाऱ्याची ती कंपनी कोणती? त्याचा फंड कोण कापणार?

मग करायचं काय? रडत बसायचं? नाही. ज्याला सोडायची त्यानं सोडावी, पण डोळे उघडे ठेवून.

पहिलं. सरकारी कायम जागा मिळत असेल तर ती फ्रीलान्सच्या नादात सोडू नका. ती एकट्या तुमची नाही. तिच्यावर तुमच्या मागं उभ्या असलेल्या पोरीचा हक्क आहे. तुम्ही रिकामी केली की ती ठेक्यात जाईल.

दुसरं. खाजगीतून निघायचं असेल तर निदान सहा महिन्यांचं धान्य घरात आणि घरच्या सगळ्यांचा दवाखान्याचा विमा हातात असल्याशिवाय निघू नका. बाबासाहेबांनी सिडनहॅमच्या पगारातून साठवल्याशिवाय लंडनची बोट धरली नव्हती.

तिसरं. तोंडी काम करू नका. 'आपलाच माणूस आहे' म्हणणारा सगळ्यात आधी बुडवतो. लेखी करार, थोडी रक्कम आगाऊ. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करा. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानं भारतातल्या गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. माझे एका बड्या शहरातल्या गिऱ्हाइकानं पाच महिने अडकवले होते. फोन उचलत नव्हता. सरकारच्या 'समाधान' पोर्टलवर तक्रार टाकली आणि चौथ्या दिवशी स्वतःहून फोन आला, 'अहो सर!' कायद्याला भिऊन का होईना, पहिल्यांदा सर म्हणाला.

चौथं, आणि हेच खरं. एकटे निघू नका. कंपनीत निदान बाजूच्या खुर्चीवर माणूस होता. त्याला सांगता यायचं, उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळे मिळून बोलू. घरी बसलेला फ्रीलान्सवाला संप कोणाबरोबर करणार? ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या, बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एका मंचावर आले, कारण कामगार एका फाटकातून आत जात होते. आपलं फाटकच काढून नेलंय. ते आपण पुन्हा बांधलं पाहिजे.

हे स्वप्नरंजन नाही. केरळात वडकरा भागात १९२५ साली वाग्भटानंदांच्या सुधारणेच्या चळवळीत गेले म्हणून सवर्ण जमीनमालकांनी काम नाकारलेल्या मजुरांनी आपली सहकारी संस्था काढली. उरालुंगल. मूठभर माणसं, भांडवल नगण्य. रस्ते बांधले, पूल बांधले. शंभर वर्षांनी ती संस्था हजारो कामगारांची आहे, आणि कोझिकोडला तिचा स्वतःचा सायबर पार्क आहे. ज्यांना माती उचलायला कोणी बोलावलं नाही त्यांनी सॉफ्टवेअरचा कारखाना उभारला, आणि मालक कामगारच राहिले. महाराष्ट्रात सहकाराचा कायदा १९६० पासून आहे. साखरेचे सम्राट त्याच कायद्यावर गब्बर झाले. वेगवेगळ्या घरांतली दहा माणसं एकत्र आली की संस्था काढता येते. यवतमाळ जिल्ह्यात आपली प्रोग्रॅम लिहिणारी दहा पोरंपोरी नाहीत? एकीला काम जास्त, दुसऱ्याला कमी. ते वाटून घेता येतं. आजारपणाचा सामायिक निधी काढता येतो. गिऱ्हाइकानं बुडवलं तर दहा सह्यांचं पत्र जातं. आणि वस्तीतल्या बारावी झालेल्या पोरीला पुण्याला न जाता इथंच हाताखाली शिकवता येतं.

बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांतला पहिला आपण मनावर घेतला. डिग्र्या लटकवल्या. तिसऱ्याची भाषणं ठोकतो. मधला शब्द मात्र आपण खुर्चीवर विसरून आलो. संघटित होणं हाच तो मधला शब्द, आणि नोकरी सोडणाऱ्याला त्याची गरज नोकरीवाल्यापेक्षा दुप्पट आहे.

राजीनामा कोणाला परवडतो? ज्याच्या मागं कोणीतरी उभं आहे त्याला. बापाची पेन्शन पुढच्या पिढीला उभी राहणार नाही. मामा न्यू जर्सीत नाही. तेव्हा एकमेकांच्या मागं आपणच उभं राहायचं आहे. ज्यांना हे पटतं त्यांनी या जिल्ह्यात पहिली दहा नावं जमवायला लागावं. एक नाव माझं धरा. उरली नऊ.

जय भीम!